बहिरेवाडीचे घोटगे, दिल्लीचे नाईक

आमच्या घरात मॅट्रिक झालेल्यांच्या दोन जाती होत्या, अकरावीवाले आणि दहावीवाले. थोरला चुलता अकरावीवाला, जुन्या एसएससीचा. आत्या म्हणजे आजोबांचं शेंडेफळ. ती १९७५ साली दहावीच्या पहिल्या बॅचला बसली. त्या वर्षी राज्यात जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही परीक्षा झाल्या, आणि निकालाच्या दिवशी आमच्या सोप्यात जी जुंपली ती पुढं कितीतरी दिवाळ्या जुंपतच राहिली. चुलता म्हणायचा, "वरीसभर कमी शिकून पास झालीस, त्यात कसलं कौतुक?" आत्या म्हणायची, "मी बीजगणित-भूमिती घेऊन पास झाले. तू अंकगणितावर भागवलंस." यावर चुलता गप्प बसायचा, कारण ते खरं होतं.

आजोबा पान जुळवत ऐकत असायचे. चुना लावून झाला की म्हणायचे, "भांडू नका. ही दहावी ज्यानं आणली तो माणूस आपल्याच बाजूचा हाय. बहिरेवाडीचा घोटगे."

बहिरेवाडी आजरा तालुक्यात, उत्तूरजवळ. आम्ही भुदरगडचे, म्हणजे पलीकडच्या कुशीतले. घोटगे हे नाव दिल्लीच्या कागदपत्रांत शोधलं तर हाती काही लागायचं नाही. तिथं ते जयंत पांडुरंग नाईक आहेत, जे. पी. नाईक. शिक्षणाच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. दहावी एकट्या नाईकांनी आणली असं म्हणणं बरोबर नाही. ती सतरा जणांच्या आयोगाची शिफारस होती, आणि इंटरमीजिएटचे वर्ग कॉलेजातून काढावेत हा विचार तर सॅडलर आयोगापासूनचा. पण जुन्या माणसांना समित्या लक्षात राहत नाहीत, माणूस लक्षात राहतो. त्यातून तो शेजारच्या तालुक्यातला असला तर बघायलाच नको.

विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७चा. पुढं हीच तारीख राधाकृष्णन यांच्या नावानं शिक्षक दिन झाली, त्यामुळं बहिरेवाडीच्या या पोराचा वाढदिवस कुणाच्या ध्यानात राहायचा प्रश्नच उरला नाही. ते दहा वर्षांचे असताना कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात पडून पाच-सहा वर्षंच झाली होती. जे इंग्रज सरकारला परवडत नव्हतं ते एका संस्थानानं करून दाखवलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड.

त्या रुपयाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. पणजोबांना गुरांमागं पोरगं हवं होतं. रुपया ही काय लहान रक्कम नव्हती. त्यांनी दोन दिवस हिशेब केला, बैलापेक्षा पोराचं डोकं बरं चालतं का याचा अंदाज घेतला, आणि सरकारला शिव्या देत आजोबांना शाळेत नेऊन बसवलं. "विद्येच्या आवडीनं कुणी गेलं नाही बाबा," आजोबा सांगायचे, "रुपयाच्या भ्यानं गेलो." ही कथा मी पुढं बऱ्याच घरांत ऐकली. गावं वेगळी, पोरं वेगळी, रुपया तोच. तेव्हा ती जशीच्या तशी खरी मानायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. भागात मात्र एक अख्खी पिढी त्या भीतीनं पाटीवर अक्षरं गिरवत बसली, आणि तिच्यातूनच आमच्या तालुक्याचे मास्तर निघाले.

घोटगे गणित घेऊन पदवीधर झाले. पुढं एम.ए. करून कुठंतरी प्राध्यापक व्हायचं, हा त्या काळच्या हुशार गरीब मुलाचा सरळ रस्ता होता. तेवढ्यात १९३०चा कायदेभंग आला आणि त्यांनी तो रस्ता सोडला. चळवळीच्या धामधुमीत घोटगे यांचे नाईक झाले. कसे झाले याबद्दल जितकी तोंडं तितक्या कथा. आजोबांच्या कथेत पोलीस घोटगेला शोधत दारात येतात, आणि 'नाईक' त्यांना तांब्याभर पाणी देऊन वाटेला लावतो. ही त्यांनी एखाद्या तमाशातल्या वगातून उचलली असावी असा माझा संशय आहे. चळवळीत घेतलेलं नाव जन्मभर राहिलं, एवढं मात्र पक्कं.

बळ्ळारीच्या तुरुंगात त्यांनी आजारी कैद्यांची शुश्रूषा केली, वैद्यकाची पुस्तकं वाचली, औषधं द्यायला शिकले. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. आयुष्याची पुढची दिशा तिथं ठरली असं मला वाटतं. खेड्यात काम करणाऱ्याला शाळा, गटार, नारू, सावकारी, वाटण्या हे सगळं एकत्रच भेटतं. खाती दिल्लीत असतात, गल्लीत नसतात. शेवटच्या काळात नाईक 'सर्वांसाठी आरोग्य' या अहवालाच्या कामात होते. तो सामाजिक विज्ञान आणि वैद्यकीय संशोधन या दोन परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटाचा अहवाल. शिक्षणवाला माणूस आरोग्यात कशाला, असं पुण्या-मुंबईत काहींना वाटलं म्हणे. बळ्ळारी आणि बेटगेरी माहीत असणाऱ्याला वाटलं नसतं.

१९४३ साली सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानातील शिक्षणाचा इतिहास लिहिला. त्याची विद्यार्थ्यांसाठीची छोटी आवृत्ती देशभरच्या बी.टी., बी.एड. कॉलेजांत वर्षानुवर्षं घोकली गेली. आमचे एक मामा शिक्षण खात्यात होते. त्यांनी बी.एड.ला 'नुरुल्ला-नाईक' पाठ केलं होतं, आणि हे नाईक गोव्याचे असणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आजोबांनी एकदा जेवता जेवता घोटग्यांची गोष्ट काढली तेव्हा मामांचा घास हातात राहिला. अधिकारी झालेल्या माणसाला सातवी फायनल झालेल्या मास्तरानं शिक्षणाच्या इतिहासातलं काही सांगावं, हे त्यांना पचायला जड गेलं. पण दुसऱ्या खेपेला येताना त्यांनी नाईकांचं एक पातळसं इंग्रजी पुस्तक आणलं. विषय, एकशिक्षकी शाळा.

आजोबांचा सगळा जन्म एकशिक्षकी शाळेत गेला. मारुतीच्या देवळाची ओवरी, सारवलेली जमीन, एक फळा. फळ्याचे खडूनं उभे दोन भाग केलेले. एका बाजूला तिसरीचं शुद्धलेखन, दुसऱ्या बाजूला चौथीची उदाहरणं. दुसरी पाढे म्हणत असायची, आणि चौथीतला एखादा दांडगा पोरगा पहिलीच्या पोरांचा हात धरून धुळीत 'ग' गिरवून घ्यायचा. पावसाळ्यात दाराशी इरली आणि घोंगड्यांच्या खोळी रचलेल्या, त्यांच्यातून पाण्याचे ओहोळ आत यायचे, मग वर्ग हळूहळू देवाच्या बाजूला सरकायचा. रोवणीला पोरं गायब. डिप्टी तपासणीला आले की पहिल्यांदा पट बघत, मग हजेरी, मग मास्तरांच्या तोंडाकडे. एका डिप्टींनी शेरा दिला होता, की एका शिक्षकाच्या शाळेकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. आजोबांना तो शेरा रागावण्यापेक्षा जास्त लागला होता.

मामांनी पुस्तकातला मजकूर मराठीत सांगायला सुरुवात केली. देशातल्या खेड्यांचा आकार बघता अशा शाळा लाखांच्या हिशेबात राहणारच, त्यांना तात्पुरती अडचण समजून नाक मुरडण्यात अर्थ नाही, वर्ग कसे जोडायचे, मोठ्या मुलांकडून काय करून घ्यायचं, वेळापत्रक कसं बसवायचं, या मास्तराला प्रशिक्षण वेगळं का हवं, असा एकूण रोख. आजोबा मधेच म्हणाले, "थांब. हे दिल्लीत बसून लिवलेलं न्हाई. यानं शाळा बघितलीया." त्यांनी आयुष्यात दिलेला हा सगळ्यात मोठा शेरा असावा.

त्यांचं बरोबर होतं. दिल्लीला जाण्याआधी नाईकांची वर्षं धारवाड आणि कोल्हापूर भागात गेली होती. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, पण जीव गुंतला होता तो गारगोटीत. वेदगंगेकाठचं हे तालुक्याचं गाव तोवर कुणाला माहीत होतं तर १३ डिसेंबर १९४२च्या रात्रीमुळं. कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण त्या रात्री पडले. त्याच गारगोटीत डॉ. व्ही. टी. पाटील आणि नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. दक्षिणेच्या स्वारीवर निघताना शिवाजी महाराज ज्यांच्या दर्शनाला आले असं आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, ते हे मौनी महाराज. १९५६ साली केंद्र सरकारनं देशात ज्या निवडक ग्रामीण संस्था उच्च शिक्षणासाठी निवडल्या, त्यांत गारगोटी होती. एकाच आवारात बालवाडीपासून वरपर्यंतचं शिक्षण, शेती, आणि आयसीआरई, म्हणजे स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था.

आमच्या गल्लीत एक अण्णा होते, आयसीआरईतून बाहेर पडलेले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची हयात गेली. ते सांगायचे, "आम्हांला पाटाची लेव्हल काढायला शिकवली ती समोरच्या शेतात. शेतकरी बांधावर उभा राहून शिव्या देत असायचा. तो शिव्या द्यायचा थांबला, म्हणजे समजायचं लेव्हल बरोबर आली." मुंबई-पुण्याला न जाता इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळतं, ही गोष्टच त्या काळात भुदरगडात कुणाला खरी वाटत नव्हती. अण्णांच्या आईनं म्हणे शेवटपर्यंत 'माझा ल्योक गारगोटीला हाय' एवढंच सांगितलं, काय शिकतो ते सांगितलं नाही. हसतील म्हणून.

ग्रामीण संस्थांचं पुढं काय झालं हे सांगण्यासारखं नाही. त्यांच्या पदविकांना नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीची किंमत येईना, आणि एकेक संस्था नेहमीच्या कॉलेजांच्या चाकोरीत गेली. खेड्यासाठी वेगळं शिक्षण काढलं की खेड्यातला माणूसच आधी विचारतो, शहरातल्या पोराला हेच देता का? हा प्रश्न नाईकांच्या कामाला शेवटपर्यंत चिकटून राहिला.

आता दिल्ली. १९५९पासून ते केंद्र सरकारचे प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार होते. १४ जुलै १९६४ रोजी शिक्षण आयोग नेमला गेला, २ ऑक्टोबरला त्यानं काम सुरू केलं आणि २९ जून १९६६ला अहवाल दिला. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, भौतिकशास्त्रज्ञ. आधीचा राधाकृष्णन आयोग विद्यापीठांपुरता होता, मुदलियार आयोग माध्यमिक शाळांपुरता. या आयोगाला बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सगळं बघायचं होतं. सभासदांत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया, जपान इथले तज्ज्ञ होते. महाराष्ट्राच्या निवृत्त शिक्षण संचालक कुमारी पाणंदीकरही होत्या. बारा कार्यदलं, सात कार्यगट, शंभर दिवसांचे दौरे, नऊ हजारांवर लोकांच्या मुलाखती, चोवीसशेवर निवेदनं. हा सगळा पसारा बांधून त्याचा एक अहवाल करायचा ही सदस्य-सचिवाची जबाबदारी. अहवालावर सगळ्यात जास्त हात नाईकांचा आहे, हे त्या काळातले लोक आपणहून सांगत.

मामा या अहवालाला 'पोथी' म्हणायचे. थट्टा म्हणून नव्हे. खात्यात कुठलाही प्रश्न निघाला तरी त्यात काहीतरी सापडतंच, असं त्यांचं म्हणणं होतं. पण खात्यानं त्या पोथीतलं काय उचललं? दहा अधिक दोन अधिक तीन हा साचा उचलला, कारण तो आदेश काढून करता येतो. पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं, हे उचललं. याचा फायदा मी घरात बघितलाय. आत्याच्या आधीच्या मुलींना गणित 'झेपत नाही' म्हणून वाटेला लावायची सोय होती. आत्याला ती सोयच राहिली नाही. बीजगणिताला ती रात्री कंदिलाशी रडली आणि पास झाली. गारगोटीला डी.एड. करून जिल्हा परिषदेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत चौथीला गणितच शिकवत राहिली. तेव्हा कोठारी आयोगानं काय दिलं असं कुणी मला विचारलं, तर मी आधी तिच्याकडे बोट दाखवतो.

जे आदेशानं होत नव्हतं ते राहिलं. आयोगानं शेजारशाळा सुचवली होती. वस्तीतली सगळी मुलं, साहेबाचं आणि शिपायाचं पोर, जमीनदाराचं आणि मजुराचं, वस्तीतल्याच एका शाळेत जातील. गरिबाच्या मुलाला चांगली शाळा मिळावी एवढाच त्यामागचा विचार नव्हता. वजनदार माणसाचं पोर ज्या शाळेत असतं, त्या शाळेचं छप्पर गळत राहत नाही, हा साधा व्यवहार त्यात होता. आजोबांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या शाळेत पाटलाचा नातू होता ती चार वर्षं कौलं वेळेवर परतली गेली. नातू गडहिंग्लजला गेला, आणि ओवरी पुन्हा गळू लागली. १९६८च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळा पद्धती स्वीकारावी असं स्वच्छ लिहिलं आहे. ते लिहिणारे, वाचणारे आणि राबवणारे आपापली मुलं कुठल्या शाळेत घालत होते हे सांगायला नको. त्यात मामाही आले. त्यांची दोन्ही मुलं कॉन्व्हेंटात शिकली. आजोबांनी त्यांना त्यावरून कधी टोकलं नाही, एवढी पाहुणचाराची रीत त्यांनी पाळली.

दुसरी सूचना शाळासमूहाची. एक हायस्कूल आणि भोवतीच्या प्राथमिक शाळा यांनी प्रयोगशाळा, पुस्तकं, शिक्षकांचं ज्ञान वाटून घ्यायचं. एकट्या पडलेल्या मास्तराला सोबत मिळावी हा हेतू. महाराष्ट्रात पुढं केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, त्यात या कल्पनेची अंधूक छाया आहे. आत्याच्या अनुभवात केंद्रप्रमुख म्हणजे माहितीचे तक्ते मागणारा माणूस. आणि २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूहशाळा' करायचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा तर गंमतच झाली. नाईकांच्या समूहात लहान शाळा जागेवर राहून एकमेकींना हात देतात. या समूहात लहान शाळा बंद होते आणि पोरं गाडीत बसतात. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली पोरगी पावसात गाडीपर्यंत येईल का, हे एकशिक्षकी शाळेवर पुस्तक लिहिणाऱ्यानं आधी विचारलं असतं.

१९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. नाईक तिचे पहिले सदस्य-सचिव, १९७८पर्यंत. पगार महिना एक रुपया घेत, असं सांगतात. ही गोष्ट आमच्याकडे पोचली तेव्हा आजोबा खूश झाले. त्यांच्या मते हा शाहू महाराजांच्या दंडाचाच रुपया होता, सरकार आता परत करत होतं. १९७४ साली पद्मभूषण मिळालं. पुढच्या वर्षी समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. या तिन्ही गोष्टी एकत्र साधायच्या म्हटल्या की एकीला धरलं तर दुसरी हातातून निसटते, हा त्यातला मुद्दा. आजही शिक्षणावरच्या कुठल्याही परिसंवादात तो निघतो, बहुतेक वेळा नाईकांचं नाव न घेता.

१९७६ साली भारतीय शिक्षण संस्था मुंबईहून पुण्याला आली. नाईकांच्या उत्तरायुष्याची कथा चित्राताईंशिवाय सांगता येत नाही. डॉ. चित्रा नाईक म्हणजे त्यांच्या पत्नी, पुण्यात १९१८ साली जन्मलेल्या, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पुढचा अभ्यास केलेल्या, आणि तरी खेड्यातली कामं आधी घेणाऱ्या. महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या, पुढं नियोजन आयोगावर गेल्या. मामांनी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. त्यांच्यासमोर फाईल घेऊन जाताना घरूनच हिशेब तपासून जावं लागे, एवढं ते सांगायचे. त्यापुढं काही सांगत नसत, आणि त्यावरूनच काय ते समजायचं.

१९७९च्या सुमाराला चित्राताईंच्या पुढाकारानं भारतीय शिक्षण संस्थेनं पुणे जिल्ह्यातल्या शंभरावर गावांत एक प्रयोग सुरू केला. शाळेत कधी न गेलेली किंवा मधेच सुटलेली नऊ ते चौदा वयाची मुलं, त्यांत मुली जास्त. दिवसा गुरं, धाकटी भावंडं, रोजगार. मग वर्ग रात्री, दिवसाची कामं आटोपल्यावर. शिकवणारा गावातलाच कुणी थोडाफार शिकलेला तरुण. नाव 'आपले शिक्षण वर्ग'. परीक्षेऐवजी बालजत्रा भरायची. आसपासच्या गावांतली मुलं एका ठिकाणी जमायची, गाणी-खेळ व्हायचे, आणि त्यातच एकमेकांची वाचनाची, हिशेबाची तपासणी व्हायची. नापास हा प्रकारच नाही. दिवसभर शेण-पाणी करून आलेली पोरगी झोपेनं पेंगत असतानाही जत्रेत पुढं उभी राहून धडा वाचते, हे बघितलेली माणसं त्याबद्दल आजही भरभरून बोलतात.

यावर आमच्या घरात मोठा वाद झाला. मामा या वर्गांच्या बाजूनं. मुलगी दिवसा येऊ शकत नाही, तर शाळेनं रात्री तिच्याकडे जावं, यात चूक काय? आजोबा बिलकूल मानायला तयार नव्हते. "रुपया दंड करा," ते म्हणाले. "तिच्या बाला करा, तिला राबवणाऱ्याला करा. दिवसाची शाळा सावकाराच्या पोराला आणि रातची गरिबाच्या पोरीला, ही कुठली रीत?" आत्या मधे पडली. तिच्या वर्गातल्या तीन मुली ऊसतोडीला गेल्या होत्या, आणि दंड कुणाला करायचा ते तिला कळत नव्हतं.

मला विचाराल तर तत्त्व म्हणून आजोबा बरोबर होते आणि त्या घडीला चित्राताई बरोबर होत्या. रात्रीचे वर्ग चालले नसते तर त्या मुली तशाच राहिल्या असत्या. पण सरकारी यंत्रणेनं ही कल्पना उचलली, तेव्हा तिच्यातला जीव काढून स्वस्त शाळेचं पोतं तेवढं घेतलं. मानधनावरचा शिक्षक, खोली नाही, पुस्तक नाही, आणि कागदावर पोर 'शिकतं' दाखवलेलं. संविधानानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६०लाच टळली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. नाईक त्याआधीच, ३० ऑगस्ट १९८१ला गेले होते. चित्राताईंनी तो पाहिला. २०१०च्याच २४ डिसेंबरला त्या गेल्या. त्या कायद्यातल्या पंचवीस टक्के जागा खासगी शाळांना नकोशा होत्याच. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं सरकारी शाळा किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. शेजारशाळेचं भांडण अजून कोर्टात चालू असतं, फक्त तिचं नाव कुणी घेत नाही.

नाईकांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच कारणानं. त्यांच्या निधनानंतर १९८२ साली त्यांचं एक पुस्तक बाहेर आलं. आपल्याच आयोगाच्या शिफारशींचं पुढं काय झालं, कुठल्या पाळल्या, कुठल्या धुडकावल्या, कुठल्या नुसत्या पडून राहिल्या, याचा त्यात हिशेब आहे. आयोगाचं स्वतःचं काय कमी पडलं तेही मोकळेपणानं मांडलेलं आहे. आपल्याकडे आयोगावर बसलेला माणूस नंतर आयुष्यभर अहवालाचं समर्थन करतो किंवा सरकारला दोष देतो. नाईकांनी स्वतःचा पेपर स्वतः तपासला, आणि मार्क हात राखून दिले. समाजाची घडी तशीच ठेवून शाळा तेवढी बदलता येत नाही, या निष्कर्षावर ते आले होते. शाळा हातात असलेल्या माणसाला असं लिहिणं जड जात असणार.

आजोबा नव्वदीच्या दशकात गेले, मामा त्यानंतर. चुलता आणि आत्या अजून आहेत, आणि जुनी मॅट्रिक मोठी की नवी, याचा निकाल लागायचा आहे. दरम्यान २०२०चं नवं राष्ट्रीय धोरण आलं आणि त्यानं दहा अधिक दोनचा साचाच मोडला. आता पाच, तीन, तीन, चार. चुलत्याला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा त्यानं आत्याला फोन करून तेवढंच ऐकवलं, "तुझी पण गेली."

त्या धोरणात शाळासमूह पुन्हा आलेत. आणखीही एक जुनी ओळखीची गोष्ट आली आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा असं कोठारी आयोगानं १९६६ साली म्हटलं होतं, आणि त्यासाठी १९८६ सालची मुदत घातली होती. २०२०च्या धोरणात तोच सहा टक्क्यांचा आकडा आहे, आता जीडीपीच्या हिशेबानं. साल मात्र लिहिलेलं नाही. लवकरात लवकर, एवढंच लिहिलं आहे.